आठ खड्ड्यांची माती

प्रियदर्शनीच्या तोंडातून कुरकुर असा आवाज आला आणि दिगंबरला वाटलं, शेंगदाणे खात असेल. शनिवारची सकाळ होती. विश्रांतवाडीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये त्याची लेक पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसली होती. सातवा महिना, मांडीवर लॅपटॉप मावत नाही म्हणून तो बाजूच्या स्टुलावर, कानात पांढरी बोंडं, आणि त्या बोंडांतून कुणीतरी तिला इंग्रजीत अखंड काहीतरी समजावत होतं. ती पडद्यावरची नजर न काढता हात शेजारच्या प्लास्टिकच्या बरणीत घालायची, तुकडा तोंडात टाकायची, पुन्हा कुरकुर. दिगंबर स्कूटरची किल्ली शोधत होता. जाता जाता आपणही दोन दाणे तोंडात टाकावेत म्हणून त्यानं बरणीत हात घातला, तुकडा ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबला. जिभेआधी नाकाला कळलं होतं. चुलीत भाजलेल्या मातीचा वास, त्याखाली राखेचा, आणि त्याच्याही खाली जुना पैसा तळहातात घट्ट धरून ठेवल्यावर येतो तसला एक आंबट, धातूचा वास. त्यानं तुकडा खिडकीशी नेऊन उजेडात धरला. पांढरा, गुळगुळीत, आणि एका कडेला अगदी पुसट हिरवी झाक. ती झाक जगात एकाच टेकाडाच्या मातीला आहे असं त्याला वाटायचं, निदान लहानपणी तरी वाटायचं.

"थुंक," तो म्हणाला.

"बाबा, कॉलवर आहे मी."

"थुंक म्हनतो ना!" पंचवीस वर्षं पुण्यात घासून घासून मिळवलेला ण त्या एका ओरडण्यात गळून पडला. त्यानं तिच्या तोंडाखाली तळहात धरला, ती दीड वर्षाची असताना बटण गिळायला निघाली होती तेव्हा धरला होता तसाच, आणि सत्तावीस वर्षांच्या त्या इंजिनियर बाईनं घाबरून त्याच्या हातावर ओला पांढरा लगदा थुंकला. स्वयंपाकघरातून नम्रता ओल्या हातांनी बाहेर आली. "अहो, काय झालं? डोहाळे आहेत तिला. आईंनी पाठवलीय ती माती, धामणटोल्याहून, तीन आठवडे झाले." बायकोनं हे इतकं सहज सांगितलं, जणू आईनं पापड पाठवले होते. दिगंबरला तीन आठवडे हे दोन शब्द कानफटात मारल्यासारखे लागले. रोज किती, त्यानं विचारलं. चार-पाच, कधी सात, प्रियदर्शनी म्हणाली, आणि मग कॉल बंद करून, चिडून: "बाबा, इट्स जस्ट क्ले. गावाकडं सगळ्याच बायका खातात. आजीनं तुमच्या वेळी खाल्ली, आत्यानं खाल्ली."

तो बोलला. काय वाटेल ते बोलला. एवढं शिकवलं ते माती खायला का, लाखाची नोकरी करतेस आणि अक्कल चुलीत घातलीस का, पोटातल्याचा तरी विचार करायचास. तो बोलत असताना तिनं फोनवर काहीतरी शोधलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"मी न विचारता खाल्लेली नाही. आजीला विचारलं होतं, सेफ आहे का म्हणून. तिनं हा फोटो पाठवला."

फोटोत एक भिंत होती, ग्रामपंचायतीची, निळ्या ऑइलपेंटची. भिंतीवर एक लॅमिनेशन केलेला कागद, कडांनी पिवळा पडलेला. वर दिगंबर काम करतो त्या माती तपासणीच्या लॅबचं नाव. मौजे धामणटोला येथील मातीतील जड धातूंचे प्रमाण तक्त्यातील मर्यादेच्या आत आढळले. खाली सही. तिरकी, ऐटबाज, द वर नको तेवढा वळसा घातलेली. नऊ वर्षांपूर्वीची त्याचीच सही.

तेजसला, जावयाला, फोन करून बोलावलं. तो आला, प्रियदर्शनीला आणि नम्रताला घेऊन दवाखान्यात गेला, जाताना सासऱ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं आणि काही विचारलं नाही. पोरगा सभ्य आहे. त्या सभ्यपणाचाही दिगंबरला राग आला. बरणी पिशवीत घालून त्यानं स्कूटर काढली. आज अर्धा दिवस असला तरी लॅब उघडी असणार होती, आणि एक वेडी आशा होती, की ही माती दुसरीकडची असेल. हिरवी झाक काय, कसलीही असू शकते. येरवडा, बंडगार्डनचा पूल, स्टेशन. प्रत्येक सिग्नलला तो मनातल्या मनात कुणाशी तरी भांडत होता. आधी आईशी: ऐंशी वर्षांची झालीस, अजून नातीला माती पाठवतेस. मग नम्रताशी: घरात राहून दिसलं नाही. मग मागून हॉर्न वाजवणाऱ्या मोटारवाल्याशी, अगदी मोठ्यानं, मान वळवून. "अहो काका, सिग्नल तुमच्या वाड्यातला नाही," मोटारवाला म्हणाला. खरं म्हणजे त्याला भांडायचं होतं त्या सहीशी, पण सही काही उलट बोलत नाही.

टेकाड. धामणटोल्यात त्याला राखेचं टेकाड म्हणत, जरी ती राख नव्हती. गोऱ्या साहेबाच्या काळात तिथं तांब्याची खाण होती. दिगंबरच्या आज्याच्याही आधी ती बंद पडली, विहिरीसारखं एक काळं तोंड उरलं आणि खणून, कुटून, धुऊन फेकलेल्या दगडमातीचा हा डोंगर उरला. त्याच्यावर गवत उगवत नसे. गुरं तिकडे वळत नसत, गुरांना कळत होतं. पोरं मात्र पळसाच्या फांदीवर बसून त्याच्यावरून घसरत, संध्याकाळी ढुंगणं पांढरी करून घरी जात, आणि दिगंबर त्यांच्यात पहिला असे. पावसाळ्यात टेकाडाच्या पायथ्याशी गाळ साचे, उन्हाळ्यात वाळून त्याची लोण्यासारखी माती होई. बाया ती घमेल्यानं आणत. दिवाळीला भिंती त्याच मातीनं पोतारायच्या, चूल सारवायची, आणि घरात कुणी गरवार असली की तीच माती थापून, कापून, चुलीत भाजून तिच्यासाठी फडक्यात बांधून ठेवायची. आईनं बांधलेलं ते फडकं त्याला आठवतं. सुंदराताईच्या, त्याच्या थोरल्या बहिणीच्या, पहिल्या वेळचं. ताई त्यातला एक तुकडा त्याला चोरून द्यायची आणि तो जिभेवर विरघळताना तिच्याकडे बघून हसायचा.

लॅब मार्केट यार्डाच्या फाटकाजवळ, खतांच्या दुकानावर. खालून कांद्याचा आणि ओल्या गोणपाटाचा वास वर येतो, वरून आम्लाचा वास खाली जातो, मधल्या जिन्यात दोन्ही भेटतात. शेफाली एकटीच होती. चोवीस वर्षांची, हुशार, हातमोजे घालूनही फोन वापरू शकणारी. त्यानं बरणी पुढे केली.

"सर, हे काय, बर्फी?"

"नमुना आहे. आर्सेनिक बघायचंय. आत्ता."

शेफालीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली. तुकडे खलात कुटले, चाळले, वजन केलं, आम्लात घालून तापवायला लावले. मग नोंदवही उघडली, कारण वहीत नोंद झाल्याशिवाय यंत्रावर काही चढवायचं नाही हा नियम दिगंबरनंच केलेला होता. गाव? धामणटोला. नमुना कुणी घेतला? विमलाबाई, माझी आई. खोली किती? माहीत नाही. "आणि पीक, सर? घेतलेलं पीक या रकान्यात काय लिहू?" दिगंबर खिडकीकडे वळला. शेफालीनं एक आडवी रेघ मारली.

दोन तास लागणार होते. तो खिडकीशी उभा राहिला. खाली हमाल पाठीवर गोण्या घेऊन वाकून चालत होते, ट्रक मागे सरकत होते, एक आडत्या कुणाला तरी फोनवर शिव्या देत होता. नऊ वर्षांपूर्वी या खिडकीशीच इंद्रजीतनं, लॅबच्या मालकानं, त्याला सांगितलं होतं, "दिगंबरराव, तहसिलातून काम आलंय. आपलंच गाव आहे म्हणे. जाऊन या, चहा तरी घरचा मिळेल." अर्ज सुंदराताईनं केला होता. चौथी शिकलेल्या बाईनं, शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेऊन, खाली अंगठा नव्हे तर वेडीवाकडी सही. तिच्या तळहातांवर तेव्हा ज्वारीच्या दाण्यांएवढे कठीण फोड आले होते, छातीवर काळे-पांढरे ठिपके, आणि तिच्या लक्षात आलं होतं की असे हात फक्त टेकाडाच्या बाजूच्या गल्लीत आहेत. कुणी तिला हे शिकवलं नव्हतं. तिनं घरोघर जाऊन बायांचे हात पाहिले होते. माती बंद करा म्हणून सांगत हिंडली होती, आणि बाया तिला हसल्या होत्या.

आणि तो गेला होता. जीपमधून, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील पुस्तिका. किती ऐट होती! शेतातून नागमोडी चालत आठ ठिकाणी खड्डे घेतले, व्हीच्या आकाराचे, वीतभर खोल, पुस्तिकेत सांगितलं तसे. आठही खड्ड्यांची माती गोणपाटावर ओतली, कालवली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा कालवले, पुन्हा चार भाग, शेवटी अर्धा किलो राहिली ती पिशवीत भरली. सारं गाव भोवती उभं. पोरं गप्प. ताईनं त्याचा हात धरून त्याला टेकाडाच्या पायथ्याशी नेलं होतं, जिथं बायांनी खरवडून खरवडून खळगा पडला होता. "भाऊ, इथली घे," ती म्हणाली होती. आणि तो हसला होता. चारचौघांत, पुण्याच्या मराठीत: "ताई, ढिगाजवळची माती घेत नसतात. बांधाजवळची नाही, झाडाखालची नाही, ढिगाजवळची नाही. नियम आहे तसा." त्यानं तिला पुस्तिकेतलं पानसुद्धा दाखवलं. ताईनं ते पान दोन्ही हातांत धरून पाहिलं, त्या हातांत, आणि म्हणाली, "बरं."

नियम खरा होता. आजही खरा आहे. उसाला किती युरिया घालायचा हे ठरवायचं असेल तर शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये, आकडा फुगतो. पण तो उसासाठी गेला होता का? ज्या ढिगाबद्दल तक्रार होती तोच ढीग चुकवून त्यानं सगळ्या गावची माती मोजली होती. वासरू विहिरीत पडलेलं आणि हा गोठ्यात दावी तपासत बसलेला. आणि त्याला कुणी लाच दिली नव्हती, कुणी दटावलं नव्हतं, हेच त्याला सगळ्यात असह्य होत होतं. कुणी दटावलं असतं तर आज शिव्या घालायला एक माणूस तरी मिळाला असता.

"सर," शेफाली म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मी दोनदा रन केला."

त्या वेळी गोणपाटावरच्या मातीत आर्सेनिक आलं होतं किलोमागे चौदा मिलिग्रॅम. तक्त्यातली मर्यादा वीस. आज पडद्यावर आकडा होता चारशे अठ्ठ्याऐंशी.

इंद्रजीत बारा वाजता आला, सदाशिव पेठेतून, नेहमीप्रमाणे घरून जेवून. दिगंबरनं त्याच्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाला, हे आजच लेटरहेडवर द्यायचंय, तहसिलात, ग्रामपंचायतीत, सगळीकडे. इंद्रजीतनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. मुलीचं विचारलं. खरंच मनापासून विचारलं, स्वतःच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचा नंबरही दिला. मग म्हणाला, "पण दिगंबरराव, हा नमुना आला कुठून? बरणीतून. घेणाऱ्याची सही नाही, जागेची खूण नाही, खोली नाही. असा नमुना दारातून परत पाठवावा, हे आपणच शिकवता ना पोरांना?"

"नऊ वर्षांपूर्वीचा चुकला होता. मी घेतलेला."

"चुकला कसा? आठ खड्डे, नीट कालवलेले, नीट मोजलेले. उद्या कोर्टात न्या, टिकेल तो. आपल्या रिपोर्टात चूक नाही."

"माझी बहीण गेली त्यात."

इंद्रजीतनं चष्मा खिशात ठेवला. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण आपण मातीचा रिपोर्ट देतो. बहिणीचा नाही."

दिगंबरनं टेबलावरचं पेपरवेट उचललं. काचेचं, आत रंगीत फूल असलेलं. ते त्या टकलावर किती सहज बसलं असतं. ते हातात असतानाच त्याला स्वच्छ दिसलं की हा माणूस तेच वाक्य बोलतोय जे आपण त्या पानावर बोट ठेवून ताईला म्हणालो होतो, फक्त याची मराठी जन्मापासूनच शुद्ध आहे. त्यानं पेपरवेट खाली ठेवलं आणि आदळलं नाही. जिन्यावरून उतरताना फोन वाजला. नम्रता. डॉक्टरांनी लघवी तपासायला घेतलीय, बुधवारी कळेल. माती बंद केली हे चांगलं झालं म्हणाले. बाळाचे ठोके नीट आहेत. बाकी काही आत्ता सांगता येत नाही म्हणाले. "प्रियू रडतेय हो," नम्रता म्हणाली. "तुम्ही बोला तिच्याशी." तो फोन धरून उभा राहिला. पलीकडे लेकीचा श्वास ऐकू आला आणि मग तिचा आवाज, पाचवीतल्या मुलीचा असावा तसा: "बाबा, मला वाटलं तुम्ही चेक केलंय." बुधवारपर्यंतचे दिवस तिला आणि त्यालाही असेच काढायचे होते.

फाटकाजवळ, गोण्यांच्या थप्पीआड उभं राहून त्यानं आईला फोन लावला. तिकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"जेवलास का?" विमलाबाईनं विचारलं.

"आई, ती माती टाकून दे. घरात असेल तेवढी सगळी. कुणाला देऊ नको. विष आहे त्यात."

"कोन म्हनते?"

"मी म्हणतो. आज तपासली मी."

"तवाबी तूच तपासली होती ना बाबू."

"तेव्हा मी... जागा चुकली माझी."

"सुंदरा तं दाखवत होती जागा," आई म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता, तिला आठवलं ते ती बोलत होती. "तिनं सोडली होती माती. पोतारनं सोडलं, खानं सोडलं, लेकीलेबी खाऊ देत नव्हती. मंग तू पारावर उभा राहून कागद वाचला. लोकायनं टाळ्या वाजवल्या. घरी येऊन म्हने, आई, मीच येडी. भाऊ एवढा शिकला, तो खोटं काहून सांगल? त्या दिवाळीले तिनंच चार घमेले आनले, अख्खं घर पोतारलं." कोंबड्या ओरडतच होत्या. "मराच्या आधी दवाखान्यातला डॉक्टर विचारे, मातीचं काही हाय का तुमच्याकडं? तं म्हने, नाही. मले मागून म्हनाली, कशाले सांगू, भावाचं नाव खराब होते."

दिगंबरनं गोणीला हात टेकला. गोणीत लसूण होता, तिखट वास नाकात गेला, डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं. त्याला त्या वेळी ताईचा राग आला, भयंकर राग आला, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका. तू भांडायला हवं होतंस. तू ते पान फाडून माझ्या तोंडावर मारायला हवं होतंस. तुझं खरं होतं, आणि तू बरं म्हणालीस.

"मी आज निघतो," तो म्हणाला. "उद्या पोचतो. पंचायतीतला तो कागद काढतो. नवा रिपोर्ट मी कुठूनही करून आणीन, दुसऱ्या लॅबचा, सरकारी, सही-शिक्क्याचा..."

"कागद नको आनू," विमलाबाई म्हणाली.

"आई, त्याशिवाय लोक—"

"एक हाय ना भिंतीवर. त्याच्याबाजूले दुसरा लावशीन, मंग लोकायनं कोनता वाचाचा? बाया तुझा कागद वाचत नाही बाबू, त्यायले वाचता कुठं येते? तू वाचून दाखवला म्हनून त्यायनं आयकलं. तसाच पारावर उभा राहा अन् तोंडानं सांग, माझं चुकलं म्हून. सुंदराचं नाव घेऊन सांग."

फोन ठेवला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. पारावर कोण कोण असेल ते त्याला दिसत होतं. टेकाडाच्या गल्लीतल्या बाया, पदराखाली हात घेतलेल्या. ताईची लेक, जिला त्या दिवाळीनंतर पुन्हा माती खाऊ दिली गेली असेल. त्यांच्यासमोर सांगायचं होतं, आणि पुण्याच्या मराठीत सांगून चालणार नव्हतं. त्यानं तोंड उघडून पाहिलं. नमुना घेताना पद्धतीत त्रुटी राहिली, असं वाक्य आपोआप जिभेवर आलं, गुळगुळीत, पांढरं, आणि ते त्यानं गिळलं नाही. बाजूला थुंकून टाकलं. पुन्हा तोंड उघडलं.

"ओ साहेब!" मागून आवाज आला. पाठीवर गोणी घेतलेला एक हमाल वाकलेल्या मानेनंच वर बघत होता. दिगंबर वाटेत उभा होता. "काय म्हनताय?"

"माझं चुकलं," दिगंबर म्हणाला. मोठ्यानं, अख्ख्या फाटकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

हमालानं गोणी पाठीवर जरा वर सरकवली.

"मग सरका की बाजूला," तो म्हणाला.